सक्रिय अध्यापनपद्धती व विज्ञानशिक्षण

शिक्षकाचे विवेचन केवळ ऐकून व टिपून न घेता विद्यार्थ्याने स्वतः निरीक्षण, प्रयोग, मोजमाप, चर्चा किंवा उपयुक्त काम करीत ज्ञान मिळवावे, अशा रीतीने योजलेल्या अध्यापनपद्धतींना सक्रिय अध्यापनपद्धती असे म्हणतात. त्यांचा अलीकडे प्रसार पावलेला एक प्रकार म्हणजे उलट-वर्ग पद्धती होय. तीत विद्यार्थी पाठाचे विवेचन घरीच वाचून वा ध्वनिचित्रफितीवर पाहून येतो आणि वर्गातील वेळ उदाहरणे, प्रयोग व शंकानिरसन यांसाठी मोकळा ठेवला जातो. हेन्री आर्मस्ट्राँग (१८४८–१९३७) यांची स्वयंशोधन पद्धती, जॉन ड्यूई (१८५९–१९५२) यांचे कृतिप्रधान शिक्षणविषयक विचार आणि किलपॅट्रिक यांची प्रकल्प पद्धती (१९१८) ही या विचारसरणीची पाश्चात्त्य उगमस्थाने होत. भारतात तिचा स्वतंत्र व मोठा प्रयोग वर्धा जिल्ह्यात झाला.

महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम ही तिच्या ठरावांतील मुख्य सूत्रे होती. या शिक्षणातून शिक्षकांचे वेतन हळूहळू निघावे, अशी अपेक्षाही त्यांत होती. अभ्यासक्रम तयार करण्यासाठी झाकिर हुसेन (१८९७–१९६९) यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, के. जी. सैयदैन इ. तिचे सदस्य होते. समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आपला अहवाल दिला. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसच्या ठरावानुसार हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला व ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने सेवाग्राम येथे त्याचे काम उभारले. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनंतर पूर्वबुनियादीपासून प्रौढशिक्षणापर्यंतच्या या संपूर्ण योजनेस ‘नई तालीम’ हे नाव रूढ झाले [पहा : मूलोद्योग शिक्षण].

विज्ञानाच्या दृष्टीने समितीचे वेळापत्रक प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. साडेपाच तासांच्या शालेय दिवसात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे दिली होती. सामाजिक शास्त्रे व सामान्य विज्ञान या दोहोंना मिळून अवघी ३० मिनिटे होती. तथापि सामान्य विज्ञानाचा अभ्यासक्रम मात्र तोकडा नव्हता. निसर्गाभ्यास, वनस्पतिविज्ञान, प्राणिविज्ञान, शरीरक्रियाविज्ञान, आरोग्यविज्ञान, रसायनशास्त्र, ताऱ्यांची ओळख व शास्त्रज्ञांच्या कथा एवढे विषय त्यात होते. ही विसंगती ‘समवाय’ या कल्पनेने दूर होईल, अशी समितीची धारणा होती. विज्ञान त्या अर्ध्या तासात नव्हे, तर उद्योगाच्या तीन तासांतच शिकावयाचे होते.

समवाय म्हणजे काय, हे सूतकताईवरून स्पष्ट होईल. सुताचा अंक म्हणजे एक पौंड वजनात ८४० वारांच्या किती लडी बसतात ती संख्या. मुलाने कातलेले ४२० वार सूत १/४० पौंड भरले, तर ८४० वार १/२० पौंड भरतील आणि सुताचा अंक २० येईल. येथे लांबी, वजन व प्रमाण या कल्पना फळ्यावरून न येता हातातील वस्तूवरून येतात. चूक झाली, तर ती तराजू दाखवून देतो. टकळीला चकती कशासाठी असते, हा पुढचा प्रश्न. चकती काढून टकळी फिरविली की फिरकी लवकर थांबते आणि फिरत्या वस्तूच्या जडत्वाची कल्पना नाव न घेताच मिळते. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात सूत अधिक तुटते, पावसाळ्यात पेळू दमट होऊन नीट ओढला जात नाही; हे रोजच्या नोंदवहीत उतरले, तर हवेतील आर्द्रता हा अभ्यासाचा विषय होतो. कपाशीचे झाड, त्याचे सोटमूळ, बोंडातील अळीच्या चार अवस्था, बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी जमीन आणि तिला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा हे सारे वर्ध्याच्या मुलाला शाळेबाहेर पाऊल टाकताच दिसते. सेवाग्रामात सफाई हाही शिक्षणाचाच भाग होता. मैला व पालापाचोळा यांचे खत करताना खड्ड्याचे तापमान का वाढते, मातीने झाकल्यास माशा का कमी होतात, या प्रश्नांतून सूक्ष्मजंतूंचे कार्य कळते. आरोग्यविज्ञानाचा एखादा धडा पाठ करून हे ज्ञान क्वचितच वर्तनात उतरते.

मात्र वरील प्रत्येक उदाहरणात हाताच्या कामाला एक प्रश्न व एक मोजमाप जोडलेले आहे. ते काढून घेतले की उरते ती निव्वळ कताई. आर्थिक बाजूवर भर पडून शैक्षणिक उद्दिष्टांचा बळी जाण्याचा धोका झाकिर हुसेन समितीने आपल्या अहवालातच दाखविला होता आणि पुढे अनेक ठिकाणी तसेच घडले. टकळीवरून तापमापक समजावून सांगू शकेल असा शिक्षक तयार करणे हे टकळ्या पुरविण्यापेक्षा फार अवघड काम होते. जेथे तसा शिक्षक नव्हता, तेथे मुले तीन तास सूत काढीत व अर्धा तास विज्ञानाचे पुस्तक वाचीत. उलट टोकास, समवायाच्या हट्टापायी कोणताही विषय ओढूनताणून कापसाशी जोडण्याचे प्रकारही झाले. नेहमीच्या शाळा व त्यांच्या परीक्षा शेजारीच चालू असल्याने बुनियादी शाळा ही गरिबांसाठी असलेली दुय्यम शाळा, असा पालकांचा समज झाला. १९५९ मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ या नावाने मूळ कल्पनेचा एक अंश स्वीकारला. शाळांत त्यालाही पुढे हस्तकलेच्या तासाचे रूप आले.

सेवाग्रामचा धागा विज्ञानशिक्षणात पुन्हा दिसतो तो १९५६ पर्यंत वर्ध्याच्याच प्रांतात असलेल्या होशंगाबाद जिल्ह्यात. तेथे १९७२ मध्ये किशोर भारती व रसूलियाचे मित्र मंडळ केंद्र यांनी १६ माध्यमिक शाळांत प्रयोगाधिष्ठित विज्ञानाचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला व १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो चालविला. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा आणि प्रात्यक्षिकाची कसोटी, हे त्याचे विशेष होत. नई तालीमला परीक्षापद्धती बदलता आली नव्हती. येथे ती बदलली. २००२ मध्ये शासनाने हा कार्यक्रम बंद केला. महाराष्ट्रात श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ (जि. पुणे) येथे स्थापिलेला विज्ञान आश्रम याच वाटेवरचा होय.

सक्रिय पद्धतींनी विज्ञान खरोखर अधिक समजते काय, याची मोजणी प्रामुख्याने अमेरिकेतील महाविद्यालयांत झाली आहे. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये यामिकीच्या ६२ अभ्यासक्रमांतील सु. ६,५०० विद्यार्थ्यांची तुलना केली. सुधारणेस जेवढा वाव होता, त्यापैकी व्याख्यानप्रधान वर्गांनी सरासरी २३ टक्के, तर सक्रिय वर्गांनी ४८ टक्के सुधारणा साधली. २०१४ मध्ये २२५ अध्ययनांच्या एकत्रित विश्लेषणात अनुत्तीर्णांचे प्रमाण व्याख्यानवर्गांत ३३·८ टक्के, तर सक्रिय वर्गांत २१·८ टक्के आढळले. हार्व्हर्ड विद्यापीठातील २०१९ च्या प्रयोगात सक्रिय वर्गातील विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले; पण आपण कमी शिकलो, असे त्यांना वाटत होते. डोके चालवावे लागले की अडखळणे जाणवते आणि सफाईदार व्याख्यान ऐकताना ते जाणवत नाही. बुनियादी शाळांविषयीच्या पालकांच्या असमाधानातही याचा काही वाटा असावा. दुसऱ्या बाजूस कर्शनर, स्वेलर व क्लार्क यांनी २००६ मध्ये असे दाखविले की, नवशिक्यास मार्गदर्शनाविना शोध घ्यावयास सोडल्यास तो फारसे शिकत नाही.

उलट-वर्ग पद्धतीसंबंधी २०१५ मध्ये जीवविज्ञानाच्या वर्गांवर झालेला एक प्रयोग उद्‌बोधक आहे. दोन्ही वर्गांत सक्रिय अध्ययन होते, फक्त एकात पाठाचा क्रम उलटा होता. निकालांत फरक पडला नाही. म्हणजे लाभ होतो तो वर्गातील कृतीचा, घरच्या चित्रफितीचा नव्हे. ग्रामीण शाळांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण कापूसवेचणीच्या दिवसांत संध्याकाळी थकून आलेल्या मुलाजवळ मोबाइल, वीज व निवांतपणा असेलच असे नाही. नई तालीमचा क्रम याही दृष्टीने निराळा होता. तीत अनुभव आधी व विवेचन नंतर येई आणि घराने पुरवावयाची सामग्री म्हणजे शेत, चूल व विहीर एवढीच होती.

सेवाग्राम परिसरात या पद्धतीची दोन रूपे दिसतात. सुशीला नायर (१९१४–२००१) यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी खेड्यात शिबिर करून राहतात व नेमून दिलेल्या कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी करतात. शरीररचनेच्या पुस्तकासोबतच पिण्याचे पाणी, आहार व रोग यांचा संबंध त्यांच्यापुढे येतो. नई तालीम समितीने २००५ मध्ये जुन्या परिसरात सुरू केलेल्या आनंद निकेतन या मराठी माध्यमाच्या शाळेत शेती, स्वयंपाक, कताई व सफाई यांतून विज्ञान व गणित शिकविले जाते.