जहाजावरची एक रात्र आणि नंतरची रुखरुख



दोन वर्षं दरमहा तीनशे रुपये बाजूला टाकून आम्ही गटातल्या सहा जणी दोन दिवस गोव्याला जाऊन आलो. मंगेशीचं दर्शन घेतलं, मिरामारला समुद्रात पाय भिजवले. संध्याकाळी पणजीत मांडवी नदीत लखलखणारी जहाजं दिसली. ती कॅसिनोची, म्हणजे पैसे लावून खेळायची. "एकदा बघून तर येऊ," असं आम्हीच म्हटलं. तिकीट महाग होतं, पण त्यात जेवण होतं.

रात्र मजेत गेली, हे खोटं कशाला सांगायचं? गाणी होती, आयतं ताट होतं, "चहा टाक" म्हणणारं कुणी नव्हतं. एकीने बावीसशे रुपये जिंकले. दुसरीचे तीन हजार गेले, आणि ते कर्जाच्या हप्त्याचे होते. परतीच्या एसटीत जिंकलेलीही गप्प, हरलेलीही गप्प. घरी फक्त देवळाचे फोटो दाखवले.

महिनाभर मन खात होतं. बचतीचे धडे देणाऱ्या आम्हीच जुगार खेळलो! शेवटी गटाच्या बैठकीत सगळं बोललो, आणि हिशेबही मांडला.

तिथे एका चाकावर ० ते ३६ अशी ३७ घरं असतात. गोळी आपल्या आकड्यावर थांबली, तर शंभर रुपयांवर पस्तीसशे मिळतात आणि आपले शंभर परत, म्हणजे ३६००. आता समजा, सगळ्या ३७ घरांवर शंभर-शंभर लावले. गेले ३७००, आले ३६००. म्हणजे जिंकूनसुद्धा शंभर कमीच! काही चाकांवर दोन शून्यं असतात, तिथे तोटा आणखी मोठा. एखादी एखाद्या रात्री जिंकते, पण खेळत राहिलं की चाकवाल्याचीच भर होते.

मग थांबता का येत नाही? एक तर नोटा देऊन रंगीत चकत्या हातात येतात आणि पैसे गेल्यासारखे वाटतच नाहीत. दुसरं, गोळी शेजारच्या घरात पडली की वाटतं, थोडक्यात हुकलं, पुढच्या वेळी लागेल. पण गोळीला मागची फेरी आठवत नाही. तिसरं, गेलेले भरून काढायची घाई. आमच्या ताईंचे आधी पाचशेच गेले होते. उरलेले पंचवीसशे ते पाचशे परत आणायला गेले.

आणखी एक गोष्ट. गोव्यात हा खेळ कायद्याने चालतो, पण २०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना तिथे खेळायला बंदी आहे. यातच काय ते समजा.

बोलल्यावर आम्हाला कळलं की मनात दोन गोष्टींचा गुंता झाला होता. आनंद झाला तो मैत्रिणींसोबत घराबाहेर पडल्याचा. त्याची लाज नको. चुकलं ते हप्त्याचे पैसे पर्समध्ये घेऊन खेळायला बसणं. सहलीला आम्ही पुन्हा जाणार, पण हप्त्याचे पैसे आधी भरून, आणि जहाजावर न चढता.

त्या ताईंचा हप्ता आम्ही पाच जणींनी उसने देऊन भरला. अंडी विकून त्या ते फेडत आहेत. घरीही त्यांनी सांगितलं. दोन दिवस अबोला झाला, पण मनावरचं ओझं उतरलं.

तुमच्या घरात कुणी मटक्यात, पत्त्यांत किंवा मोबाइलवरच्या खेळात पैसे लावत असेल आणि थांबता येत नसेल, तर लपवू नका. गटात बोला. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, तिथे मन मोकळं करता येतं.

पुढच्या बैठकीत ३७ घरांचा हिशेब फळ्यावर नक्की मांडा. पोरांनाही दाखवा.