हडकुळा

मुलांनो, आमच्या वर्गात एकदा 'माझी आई' या विषयावरचे निबंध वाचणे चालू होते. एक मुलगा उभा राहिला आणि त्याने वाचले, "माझी अम्मी हडकुळी आहे." सारा वर्ग हसला. तो मुलगा पुढे वाचेना. चूक त्याची नव्हती, माझी होती. आदल्याच दिवशी मी फळ्यावर लिहिले होते, 'दुबला म्हणजे बारीक, सडपातळ, किडकिडीत, हडकुळा.' जणू या चारही शब्दांचा अर्थ एकच!

'हडकुळा' या शब्दात 'हाड' लपलेले आहे. उर्दूतली 'हड्डी' ती हीच. अंगावर मांस उरलेले नाही, बरगड्या मोजता येतात, असे शरीर म्हणजे हडकुळे शरीर. दुष्काळात चारा मिळाला नाही, की गुरे हडकुळी होतात. 'हडकणे' असे क्रियापदही आहे. 'महिनाभराच्या तापाने तो पार हडकला.' म्हणजे या शब्दामागे उपासमार किंवा आजार उभा असतो. म्हणूनच तो कोणाच्या तोंडावर म्हटला, तर त्याला लागतो. स्वतःविषयी मात्र खुशाल म्हणा, 'लहानपणी मी फार हडकुळा होतो.'

'सडपातळ' म्हणण्यात थोडे कौतुक आहे. 'किडकिडीत' म्हटले, की अंगात जोर नाही असे वाटते. 'बारीक' तर तुमच्या ओळखीचाच शब्द. उर्दूत धागा बारीक असतो, मराठीत माणूसही बारीक असतो.

हे तीन शब्द लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, 'हडकुळा' मात्र बदलतो. उर्दूत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे आपली गडबड होते ती इथेच. हडकुळा बैल, हडकुळी गाय, हडकुळे वासरू. अनेकवचनात हडकुळे बैल, हडकुळ्या गाई, हडकुळी वासरे. तेव्हा 'हडकुळी' दिसले, की लगेच स्त्रीलिंग समजू नका; पुढचे नाम पाहा. प्रत्यय लागला, की रूप पुन्हा बदलते : हडकुळ्या बैलाला, हडकुळ्या गाईला.

आणखी एक सांगून ठेवतो. 'हाडाची काडे करणे' यातही हाड आहे, पण त्याचा अर्थ वाळणे नव्हे, अतिशय कष्ट करणे.

त्या मुलाने दुसऱ्या दिवशी वाक्य बदलून आणले. "माझी अम्मी अंगाने बारीक आहे, पण पाण्याचे दोन हंडे एकदम उचलते."