सादलर्मिऊट लोक

कॅनडा देशाच्या उत्तरेला हडसनच्या उपसागरात साउथॅम्प्टन नावाचे बेट आहे. तिथे शेत नाही, झाड नाही. वर्षातले बरेच महिने नुसता बर्फ. त्या बेटावर सादलर्मिऊट नावाचे इनुइट लोक राहत. घरे दगडामातीची अन् देवमाशाच्या हाडांची! हत्यारे गारगोटीची. अस्वल मारावे, त्याच्याच कातड्याची विजार घालावी.

१८२४ साली लायन नावाचा इंग्रज कप्तान त्या भागात गेला. तेव्हा एक माणूस फुगवलेल्या कातड्यांवर बसून जहाजाकडे आला. आपल्याकडे भोपळ्यांच्या सांगडीवरून नदी ओलांडत, तशीच युक्ती बरं का! आम्हांला तर याचे फार कौतुक वाटते.

पुढे देवमासे मारणारी गोऱ्या लोकांची जहाजे आली. १९०२ साली अशाच एका जहाजाबरोबर रोग आला.

मग एवढी काटक माणसे मेली कशी? नीट समजून घ्या. हे लोक बाहेरच्यांपासून दूर राहिलेले. तो रोग त्यांच्या वाडवडिलांनीही पाहिला नव्हता. त्याच्याशी झगडण्याची ताकद अंगात आलीच नव्हती. त्यात सगळे एकदम अंथरुणाला खिळले, तर शिकारीला जाणार कोण? दिव्यात चरबी घालणार कोण?

एका हिवाळ्यात वस्ती संपली. उरली एक बाई आणि चार मुले. त्यांना दुसऱ्या इनुइट लोकांनी आपल्यात घेतले. पडक्या घरांचे दगड बेटावर अजून आहेत.