सायलेन्सर नंतर, आधी ब्रेक!

सेकंडहँड क्रूझर घेतली की पहिला खर्च कशावर होतो, हे बघायला कॉलेजच्या पार्किंगपर्यंत जायची गरज नाही. दोन चौक अलीकडूनच ऐकू येतं. आधी सायलेन्सर, मग रुंद हँडलबार, फॉग लाइट आणि पुढच्या महिन्याच्या पॉकेटमनीतून जाड टायर. ब्रेक आणि शॉकअपचं नाव यादीत अगदी शेवटी, आणि यादी शेवटपर्यंत कधी पोहोचतच नाही. त्यात नवल नाही म्हणा. नवे ब्रेक पॅड रीलमध्ये दिसत नाहीत आणि फोर्कमधलं ऑइल बदललं म्हणून कट्ट्यावर कुणी मान वळवून बघत नाही.

पण क्रूझर हे प्रकरण जड असतं. मीटिओर ३५० चंच वजन १९१ किलो. त्यावर तुम्ही, मागे मित्र, पाठीवर सॅक. असा सव्वातीनशे किलोचा ऐवज ताम्हिणी घाटातून उतरवताना पुढच्या चाकावर भरवसा असतो तो बोटभर लांबीच्या दोन पॅडवर. तेव्हा बाइकवर पैसे घालायचेच असतील तर सुरुवात इथून करा. आणि गंमत म्हणजे, यातली निम्मी कामं पार्ट विकत न घेताच होतात.

थाट भारी, पण फुकट नाही

सीट खाली, हँडल उंच, पाय पुढे, फोर्क पुढे कललेला आणि दोन चाकांमध्ये ऐसपैस अंतर, हा क्रूझरचा थाट अमेरिकेतून आला. तिथे या जातीच्या बाइकमध्ये दिसण्याला पहिल्यापासून मान. १९६९ च्या ‘इझी रायडर’ सिनेमातली ती झेंड्याच्या रंगाची चॉपर आठवा. लांबच लांब फोर्क, मागे शॉकअप नाही आणि पुढच्या चाकाला ब्रेकही नाही! १९८४ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने सॉफ्टेल आणली. तिला मागे शॉकअप होते, पण ते खाली लपवले होते, कारण गिऱ्हाइकांना बिनशॉकअपचा जुना लूक हवा होता.

या थाटाची किंमत आपल्या कंबरेला मोजावी लागते. सीट खाली आणायची म्हणजे मागच्या चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी उरते. २४१ किलोच्या सुपर मीटिओर ६५० मध्ये मागच्या शॉकअपसाठी ही हालचाल १०१ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम चार इंच आहे. तुम्ही बसलात की त्यातला काही भाग लगेच संपतो, डबलसीट झालात की आणखी. त्यात पाय पुढे. साध्या बाइकवर खड्डा दिसला की आपण पायांवर जोर देऊन थोडं उठतो. क्रूझरवर ते जमत नाही. दणका थेट मणक्यात.

एक फायदाही आहे. बाइक लांब आणि बुटकी असल्यामुळे ब्रेक दाबल्यावर मागचं चाक इतर बाइकइतकं हलकं होत नाही. म्हणून क्रूझरवर मागचा ब्रेक बऱ्यापैकी कामाचा असतो. तरी मोठं काम पुढचाच करतो. ‘पुढचा ब्रेक दाबू नको, पडशील’ हा घरचा सल्ला प्रेमापोटी असतो, पण चुकीचा असतो. दोन्ही ब्रेक एकत्र, आणि पुढचा झटक्यात न दाबता दाब वाढवत न्यायचा.

पिचवरचं गणित

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. समजा, ब्रेक उत्तम आहेत आणि बाइकचा वेग दर सेकंदाला ७ मीटरने कमी होतोय. ब्रेक लागल्यापासून बाइक सुमारे २० मीटरमध्ये उभी राहते. क्रिकेटचं पिच साधारण तेवढंच.

आता दुसरी बाइक घ्या. पॅड घासलेले, ब्रेक ऑइल जुनं, फोर्क ढिला. तिचा वेग सेकंदाला ५ मीटरनेच कमी होतो. तिला २८ मीटर लागतात. आठ मीटरचा फरक ऐकायला फार वाटत नाही. पण असं बघा. पहिली बाइक जिथे पूर्ण थांबली, त्याच जागी दुसरी अजून ताशी ३२ च्या वेगात असते. समोर रिक्षा आडवी आली असेल, तर एक जण शिवी देऊन पुढे जातो आणि दुसरा ३२ च्या वेगाने आदळतो. वेग वाढला की हे गणित आणखी बिघडतं. ६० चे ८० झाले, तर थांबायला लागणारं अंतर पावणेदोन पटीच्या वर जातं.

ब्रेक : आधी बघा, मग बदला

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ब्रेक ऑइल. डिस्क ब्रेक असेल तर हँडलवरच्या छोट्या डबीच्या काचेतून ते दिसतं. ताजं असताना फिकट, जुनं झालं की चहासारखं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडे तर पावसाळा चार महिन्यांचा. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. घाटात सतत ब्रेक दाबून उतरलात की कॅलिपर तापतो, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ पडून थेट हँडलला टेकतो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला. बाटलीचा खर्च कँटीनमधल्या दोघातिघांच्या नाश्त्याएवढा. प्रत मात्र डबीच्या झाकणावर लिहिलेलीच. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल वेगळ्याच जातीचं आहे, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. आणि घाट उतरताना खालचा गिअर ठेवा. इंजिनला अडवू द्या, ब्रेकला श्वास घेऊ द्या.

मग पॅड. पॅडवर खाच असते, ती पुसली गेली की पॅड संपला. नवे पॅड बसवल्यावर पहिल्याच दिवशी घाटात जाऊ नका. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू ब्रेक लावत त्यांना डिस्कशी जमवून घ्यावं लागतं. आणि चेनला स्प्रे मारताना तो डिस्कवर उडाला, तर त्या ब्रेकचा राम म्हणा.

मागे ड्रम ब्रेक असेल तर लायनर बघा. पेडल फार खाली जात असेल तर रॉडवरचा नट आवळून ते जागेवर आणता येतं, पण ड्रमच्या बाहेरची खूण लायनर संपल्याचं दाखवत असेल तर नुसतं आवळून उपयोग नाही. ड्रम उघडून साफ करून घेण्यानेही पकड किती सुधारते, हे केल्यावरच कळतं.

सेकंडहँड घेताय? १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या बाइकना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या बाइकमध्ये ते नसण्याची शक्यता मोठी, आणि एबीएस हे नाक्यावरच्या गॅरेजमध्ये बसवून मिळणारं काम नाही. बाइक निवडतानाच हा विचार करा.

शॉकअप : पाना फिरवा, पैसे वाचवा

मागच्या शॉकअपच्या खालच्या भागात पायऱ्यापायऱ्यांची एक रिंग असते. तिला प्रीलोड म्हणतात. मीटिओरला अशा सहा पायऱ्या आहेत. टूलकिटमधला हुकासारखा पाना याच कामासाठी असतो, पण बहुतेकांचा कोराच्या कोरा राहतो. एकटे फिरता तेव्हा कमी पायरी, डबलसीट आणि सामान असेल तेव्हा जास्त. दोन्ही बाजूंना पायरी सारखीच हवी. याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त बाइक किती दबलेली राहते ते ठरतं.

किती दबायला हवी? साधारण हिशेब असा, की तुम्ही बसल्यावर एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश भाग वापरला जावा. मीटिओरच्या फोर्कची हालचाल १३० मिलिमीटर, म्हणजे ३० ते ४५ मिलिमीटर. मोजायला फोर्कच्या चकचकीत नळीवर एक केबल टाय बांधा आणि दोन मित्र बोलवा. एकाने बाइक सरळ धरायची, दुसऱ्याने पट्टी. एक वडापाव खर्च.

याच्या पुढचं काम फोर्क ऑइलचं. इंजिन ऑइल सगळे बदलतात, पण फोर्कमध्येही ऑइल असतं आणि तेही म्हातारं होतं, हे अनेकांच्या गावीही नसतं. ते पातळ झालं की ब्रेक मारल्यावर बाइकचं नाक धाडकन खाली जातं आणि खड्ड्यानंतर पुढचा भाग उसळतच राहतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रतीचं ऑइल, दोन्ही नळ्यांत मोजून सारखं भरून घ्या. सोबत ऑइल सीलही बघा.

इथेच ब्रेक आणि शॉकअप एकमेकांना भेटतात. सील फुटलं की ऑइल नळीवरून ओघळतं, डिस्क आणि पॅडवर येतं आणि ब्रेकची पकड जाते. शिवाय खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारत असेल, तर हवेतल्या चाकाच्या जोरावर जगातला कुठलाही ब्रेक बाइक थांबवू शकत नाही. टायर रस्त्याला चिकटलेला ठेवायचं काम शॉकअपचं. म्हणून ‘यंदा ब्रेक करू, शॉकअप पुढच्या वर्षी’ हा हिशेब फसतो. टायरची हवाही यातच धरा. थंड टायरमध्ये, चेनकव्हर किंवा मॅन्युअलवर लिहिलेली तेवढीच.

पार्ट बदलायचेच असतील तर

एवढं करूनही बाइक दबत असेल, तर मागचे शॉकअप बदला. गॅस भरलेल्या शॉकअपमध्ये दाबाखालच्या गॅसमुळे आतल्या ऑइलला फेस येत नाही, म्हणून लांबच्या प्रवासातही ते ढेपाळत नाहीत. पण स्वस्त नकलांमध्ये ती बाहेरची डबी शोभेपुरतीच असू शकते. विकत घेताना दोन प्रश्न विचारा. वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंतची लांबी मूळ शॉकअपइतकीच आहे का? आणि स्प्रिंग किती वजनासाठी आहे? पंचावन्न किलोच्या मुलीला आणि नव्वद किलोच्या मुलाला एकच स्प्रिंग कशी चालेल? लांबी वाढली की हाताळणी बदलते, साइड स्टँडवर बाइक नको तेवढी कलते. कमी केली की प्रत्येक स्पीडब्रेकरवर पोट घासतं. पुढे फोर्कमध्ये प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग घालता येतात. त्या सुरुवातीला मऊ आणि दबत गेल्या की कडक होतात, त्यामुळे ब्रेकवर नाक कमी बुडतं.

ब्रेकमध्ये चांगल्या प्रतीचे पॅड आणि स्टीलची जाळी असलेला होज पाइप, हे दोन बदल पैसा वसूल करतात. जुना रबरी पाइप दाबाखाली थोडा फुगतो, त्यामुळे लिव्हर स्पंजासारखा लागतो. स्टीलच्या जाळीत तो फुगत नाही. मात्र दुसऱ्या बाइकचा मास्टर सिलिंडर किंवा कॅलिपर ‘बसतोय ना, मग चालेल’ म्हणून लावू नका. मापाचं प्रमाण बिघडलं की लिव्हर एकतर दगडासारखा होतो, नाहीतर किंचित दाबताच चाक जाम. मागच्या ड्रमच्या जागी डिस्क लावायची तर चाक, हब, कॅलिपरची पकड सगळंच बदलतं. त्यापेक्षा मूळचीच डिस्क असलेलं मॉडेल शोधलेलं बरं.

आरटीओ काय म्हणतं?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या, कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतानाचे फोटो आपण बघतोच. घासलेल्या पॅडच्या जागी त्याच मापाचे पॅड हा बदल नसून दुरुस्ती आहे. पण फोर्क लांब करणं, चेसिस कापून मागचा भाग खाली घेणं असल्या भानगडीत पडू नका. मोठा पार्ट बदलण्याआधी विमा कंपनीलाही विचारून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद होतो.

काम कुठलंही करा, आधी आणि नंतर मोजा. रविवारी सकाळी रिकामं, कोरडं मैदान किंवा बंद सोसायटीचा रस्ता गाठा. हेल्मेट, बूट, ग्लोव्हज घाला. खडूने एक रेघ मारा, ताशी ३० च्या वेगाने या आणि रेघेवर दोन्ही ब्रेक लावा. थांबलात तिथे दुसरी रेघ. गॅरेजमधून बाइक आली की त्याच जागी पुन्हा हेच करा आणि पावलं मोजा. शॉकअपची परीक्षा मात्र मागे बसणाऱ्या मित्राकडून घ्या. लोणावळ्याला जाऊन आल्यावर तो कंबर धरून उतरला नाही, तर काम नीट झालंय समजा.