हाली, कलदार आणि मोबाइलवरचा डॉलर

परकीय चलनाचा हिशेब आपल्या शहराला नवा नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि इथला रुपया म्हणजे हाली सिक्का. मुंबईच्या पेढीचे देणे मात्र कलदार रुपयांतच चुकते करावे लागे. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, म्हणजे सहाला सात, असा ठरीव भाव होता. मुंबईहून माल आणणाऱ्या दुकानदाराला विक्रीची किंमत ठरवताना हा हिशेब मांडावाच लागे. त्याने विकत घेतलेल्या कलदारामागे कापडाचे ठाण किंवा किराण्याचे पोते उभे असे.

आज छावणीतल्या व्यापारी घरांतील काही तरुण मोबाइलवर युरो-डॉलरचे सौदे करतात. त्या सौद्यामागे ठाण नाही आणि पोतेही नाही. त्यांचे वडील मला विचारतात की, ‘साहेब, हा धंदा शिकण्यासारखा आहे का?’ शिकण्यासारखा निश्चित आहे. पण त्यातले काय शिकावे, हा प्रश्न निराळा.

मुळाक्षरे सोपी आहेत. चलन नेहमी जोडीने विकले जाते. डॉलर घेणे म्हणजे त्याच क्षणी रुपया विकणे. प्रत्येक जोडीला घेण्याचा व देण्याचा असे दोन भाव असतात आणि मधले अंतर ही मध्यस्थाची कमाई. आपण सौदा करताच त्या अंतराएवढे तोट्यात असतो, ही गोष्ट नवशिक्याला सहसा कोणी सांगत नाही. युरो-डॉलरचा भाव दशांशाच्या चौथ्या स्थानावर एकाने हलला की त्याला ‘पिप’ म्हणतात. एवढ्याशा हालचालीत मिळणार काय? म्हणून येते ‘लिव्हरेज’. पन्नास हजार रुपये अनामत ठेवा आणि शंभरपट, म्हणजे पन्नास लाखांचा सौदा करा. भाव एक टक्का उलटला की पन्नास हजार संपले. चलनबाजारात एक टक्का ही एका दिवसाची गोष्ट असू शकते. १५ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक हा स्वतःच राखलेला भाव अचानक सोडला आणि काही मिनिटांत फ्रँक कितीतरी वर गेला. अनेक ग्राहकांची अनामत बुडून उलट देणे अंगावर आले. ‘अल्पारी’ या सौदेकंपनीची ब्रिटनमधील शाखाही दिवाळखोरीत गेली. ‘स्टॉप लॉस लावला की झाले’ असे शिकवणाऱ्यांना हा दिवस आठवत नसावा. मधले भावच नाहीसे झाले, तेव्हा तो आदेश कुठे लागणार?

आता कायद्याकडे वळू. १ जून २००० पासून परकीय चलनाला ‘फेमा’ कायदा लागू आहे. त्याखाली अधिकृत व्यक्तीशी, अनुमत कारणासाठी, अनुमत मंचावरच व्यवहार करता येतो; उल्लंघनाला रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे. दरसाल अडीच लाख डॉलर बाहेर पाठवण्याची सवलत आहे खरी, पण परदेशी सौद्यांचे मार्जिन भरण्यासाठी ती वापरता येत नाही. ७ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने अनधिकृत मंचांची यादी प्रथम प्रसिद्ध केली. त्यात ३४ नावे होती आणि पुढे ती वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणजे तो मंच अधिकृत, असा अर्थ मात्र होत नाही. हे रिझर्व्ह बँकेनेच स्पष्ट केले आहे.

देशी शेअर बाजारात २९ ऑगस्ट २००८ पासून डॉलर-रुपयाचे वायदे होतात. एक करार हजार डॉलरचा. तेथेही जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने स्मरण दिले की, सौदा करणाऱ्याजवळ खरेखुरे परकीय चलनाचे देणे वा येणे असले पाहिजे. दहा कोटी डॉलरपर्यंत त्याचा कागद दाखवावा लागत नाही, पण ते असावे लागतेच. निव्वळ अंदाजावर खेळणाऱ्यांची वाट तेथे बंद झाली. हाली-कलदारवाल्या दुकानदाराला हा नियम मुळीच अवघड वाटला नसता.

व्यापारी कुटुंबाने सर्वाधिक भिण्यासारखी गोष्ट मात्र तोट्याहून वेगळी आहे. अनधिकृत मंच पैसे मागतात ते दर वेळी निराळ्या, अनोळखी नावाच्या खात्यात. सुरुवातीला ‘नफा’ म्हणून जी रक्कम परत येते, ती बहुधा दुसऱ्या कुणा फसलेल्याची असते. त्या माणसाने १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली की पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले, ती सारी खाती पोलीस गोठवू शकतात. मुलाने दुकानाचे चालू खाते वापरले असेल तर धनादेश परत जातात, जीएसटीचा भरणा अडकतो, नोकरांचे पगार थांबतात. पाच-सात हजारांच्या नफ्यापायी पेढीची पत टांगणीला लागते.

मग नव्या पिढीने चलनातले काय शिकावे? वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या वसाहतींतून माल परदेशी जातो, यंत्रे व कच्चा माल तिकडून येतो. खरी विद्या तेथे लागते. २०१३ च्या मे महिन्यात डॉलर ५४ रुपयांच्या आसपास होता आणि २८ ऑगस्टला तो ६८ च्या पुढे गेला. मुदतीवर ५०,००० डॉलरचा माल आणणाऱ्याचे २७ लाखांचे देणे ३४ लाखांवर गेले. दहा टक्के नफ्याच्या धंद्यात हे सात लाख आणायचे कोठून? ज्याने माल ठरवतानाच बँकेशी फॉरवर्ड, म्हणजे आगाऊ भावाचा करार केला होता, त्याला थोडे अधिक मोजावे लागले, पण त्याचा हिशेब चुकला नाही. आपले व्याजदर अमेरिकेहून जास्त असले की आगाऊ डॉलर महाग असतो. आयातदाराला हा अधिभार पडतो, निर्यातदाराला मात्र तो मिळतो. कितीतरी लहान निर्यातदार ही कमाई सोडून देतात.

बँकेत गेल्यावर फलकावरचा ‘कार्ड रेट’ मुकाट्याने स्वीकारू नये. तो लहान रकमांसाठी असतो. त्या क्षणीचा बाजारभाव विचारावा आणि त्यावर बँक किती पैसे लावते, हे लेखी मागावे. दहा-वीस पैशांची घासाघीस आपल्या लोकांना शिकवावी लागत नाही. ती डॉलरमध्येही चालते, एवढेच ठाऊक नसते. ऑगस्ट २०१९ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा ‘एफएक्स-रिटेल’ मंच सुरू आहे. आपल्या बँकेमार्फत नोंदणी केली की त्यावर बाजारातला भाव मिळतो. आगाऊ करार करताना देय तारीख नेमकी ठाऊक नसेल तर महिनाभराची मुदत मागून घ्यावी, आणि डॉलर आलेच नाहीत तर करार रद्द करताना फरक किती व कोणी भरावयाचा, हे सहीपूर्वी वाचावे.