जिची कॉपी निघत नाही अशी प्रिंट

ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी हा आजचा भाग, जवळपास बोललो तसाच.

चित्रप्रदर्शनात 'प्रिंट' अशी चिठ्ठी दिसली की आपल्यापैकी बरेच जण पुढे सरकतात. प्रिंट म्हणजे कॉपी, कॉपी म्हणजे स्वस्त, असं डोक्यात बसलंय. आज मी मोनोटाइपबद्दल बोलणार आहे. ही प्रिंटच असते, पण जगात एकच. (फोनमधल्या किंवा वर्डमधल्या फॉन्टच्या नावात दिसणारं 'मोनोटाइप' हे नाही हं. ते अक्षरांचे खिळे पाडणाऱ्या यंत्रावरून आलेलं कंपनीचं नाव.)

आधी नेहमीचा छाप कसा निघतो ते बघू. लाकडाच्या ठशात जो भाग कोरा हवा तो कोरून काढायचा, उरलेल्या उंच भागाला शाई लावायची आणि कागद दाबायचा. एचिंगमध्ये तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खोदतात. दोन्हीकडे चित्र त्या ठशात कायमचं बसलेलं असतं. शाई संपली? परत लावा, परत छापा. म्हणून छापाच्या खाली पेन्सिलीने 3/20 असं लिहिलेलं दिसतं, म्हणजे वीसपैकी तिसरा.

मोनोटाइपमध्ये काहीच कोरायचं नसतं. गुळगुळीत पत्रा, काच किंवा अ‍ॅक्रिलिकची शीट घ्यायची, तिच्यावर शाईने चित्र काढायचं आणि शाई ओली असतानाच कागद ठेवून दाबायचं. शाई कागदावर गेली की प्लेटवर पुसट खुणा उरतात, त्या पुसल्या की संपलं. तिच्याकडे चित्राची काही नोंदच नाही. त्यामुळे मोनोटाइपवर 1/1 दिसलं तर ती भाव वाढवायची युक्ती समजू नका. दुसरा तसाच छाप काढायची सोयच नसते. प्लेटवर एखादी कोरलेली रेषा असेल आणि दर वेळी शाई वेगळी लावली असेल, तर त्याला मोनोप्रिंट म्हणतात. विकत घेताना हा फरक विचारून घ्या.

प्लेटवर चित्र काढायच्या दोन पद्धती. एक सरळ, ब्रशने काढत जायचं. दुसरी मला जास्त आवडते: अख्खी प्लेट काळीभोर करायची आणि चिंधी, काडी, ब्रशचा दांडा, बोट, जे मिळेल त्याने शाई पुसत उजेड काढायचा. इटलीतल्या जेनोआचा चित्रकार कास्तिल्योने 1640च्या दशकात हे करत होता, आणि मोनोटाइपची सुरुवात सहसा त्याच्याच नावावर धरतात. अंधारातून चेहरा बाहेर येतोय असं वाटतं, कारण तो खरोखर काळ्यातूनच काढलेला असतो.

मग पॅरिसचा देगा. बॅलेच्या मुली रंगवणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. 1870च्या दशकात लपिक नावाच्या मित्राकडून त्याने हे तंत्र घेतलं आणि मग थांबलाच नाही. तीनशेहून जास्त मोनोटाइप केली. त्याचा चलाखपणा पुढे आहे. पहिला छाप काढल्यावर प्लेटवर थोडी शाई उरते. त्यावर लगेच दुसरा कागद दाबला तर फिकट, धुक्यातल्यासारखी प्रतिमा येते. आज तिला 'घोस्ट' म्हणतात, भुताचा छाप! देगा हे भूत फेकून द्यायचा नाही. त्यावर पेस्टलने रंगवायचा. म्हणजे एकाच प्लेटमधून दोन चित्रं, आणि दोन्ही वेगळी. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातलं त्याचं 'लेतवाल', रंगमंचावर एकटी नाचणारी मुलगी, हे मोनोटाइपवर पेस्टल चढवूनच केलेलं आहे. नेटवर झूम करून बघा, पेस्टलखाली छाप आहे हे कळल्यावर ते वेगळंच दिसतं.

घरी करायचंय? प्रेस नको, चमचा पुरतो. साधा अ‍ॅक्रिलिक रंग मिनिटांत वाळतो, म्हणून ब्लॉक प्रिंटिंगची शाई किंवा ऑइल कलर घ्या. जाडसर कागद भिजवून, टिपून, नुसता दमट ठेवा. प्लेटवर कागद टाकला की एका हाताने घट्ट धरा आणि चमच्याच्या पाठीने सगळीकडे घासा. कागद सरकला की गेलं. मधे एक कोपरा उचलून डोकावता येतं. फिकं वाटलं तर तेवढाच भाग परत घासायचा. आणि हो, सगळं उलटं छापतं. नाव लिहिणार असाल तर 'क' आरशात दिसतो तसा काढा.

याहून सोपं म्हणजे गोगँची युक्ती. ताहिती आणि मार्केसस बेटांवर राहताना, साधारण 1899 पासून, तो एका कागदावर शाई पसरायचा, वर कोरा कागद ठेवायचा आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने चित्र काढायचा. जिथे दाब, तिथे खालून शाई उमटते. कार्बन पेपरच म्हणा ना, फक्त रेषा जाड, केसाळ, जरा डागाळलेली. हात टेकवला तर तोही उमटतो. मला ते डागच आवडतात, तुम्हाला नको असतील तर मनगट उचलून काढा.

एकच सांगून ठेवतो: पहिला छाप उचलायच्या आधी दुसरा कागद दमट करून शेजारी तयार ठेवा. भूत फार वेळ थांबत नाही.