बादलीभर दाणे, वीस टन पोलाद

खंडेनवमीला अवजारं पुसून पाटावर मांडायची आमच्या घरची रीत. यंदा पान्यावरचं ग्रीस पुसताना दांड्यावर उठवलेले दोन शब्द पुन्हा वाचले : क्रोम व्हॅनेडियम. गॅरेजमधल्या पोरांना ही जोडी तोंडपाठ असते. क्रोमची चकाकी सगळे ओळखतात, व्हॅनेडियमची चौकशी कुणी करत नाही.

या धातूची अशी उपेक्षा अगदी जन्मापासूनची. 1801 साली मेक्सिकोत आंद्रेस मानुएल देल रिओ या खनिजशास्त्राच्या प्राध्यापकांना सिमापानच्या तपकिरी शिसे-खनिजात एक नवं मूलद्रव्य सापडलं. त्याचे क्षार तापवले की लाल होत, म्हणून त्यांनी त्याला ‘एरिथ्रोनियम’ म्हटलं. निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट यांच्यामार्फत नमुना पॅरिसला पोचला. तिथे 1805 मध्ये रसायनशास्त्रज्ञ कोले-देकोतील यांनी ‘हे तर क्रोमियमच’ असा निर्वाळा दिला आणि देल रिओंनी दावा सोडला. पुढे 1830 मध्ये स्वीडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ सेफस्त्रोम यांना ताबेर्गच्या खनिजापासून काढलेल्या लोखंडात तेच द्रव्य गवसलं. नॉर्स देवी व्हानादिस हिच्यावरून त्याचं बारसं झालं आणि लवकरच रसायनशास्त्रज्ञ व्योलर यांनी दोन्ही शोध एकाच मूलद्रव्याचे असल्याचं दाखवून दिलं. ‘रिओनियम’ असं नाव कुणी सुचवलंही, पण ते रुजलं नाही. देल रिओंनी टाकलेलं ते एक पाऊल मागे मला अजून सलतं. ते बरोबर होते.

नाव मिळालं तरी काम मिळायला पाऊण शतक गेलं. पेरूच्या अँडीज पर्वतात मिनास राग्रा इथे 1905 च्या सुमारास समृद्ध खनिज हाती आलं आणि 1908 च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये व्हॅनेडियम पोलाद आलं. हलकी गाडी खाचखळग्यांच्या रस्त्यांवर टिकली, त्यात या पोलादाचा मोठा वाटा.

पोलादात शुद्ध व्हॅनेडियम सहसा घालत नाहीत. ते 1910 अंश सेल्सिअसला वितळतं, ऑक्सिजनला सोडत नाही आणि शुद्ध करायला फार महाग पडतं. म्हणून लोखंडाच्या सोबतीनेच ते काढतात, तेच फेरोव्हॅनेडियम. व्हॅनेडियमचं ऑक्साइड, ॲल्युमिनियमची भुकटी, लोखंडाचं भंगार आणि चुना एकत्र करून पेटवतात. ॲल्युमिनियम ऑक्सिजन ओढून घेतं, त्या उष्णतेने सगळं वितळतं, मळी वर येते आणि मिश्रधातू तळाला बसतो. त्यात 80 टक्क्यांच्या आसपास व्हॅनेडियम असेल तर ती झाली 80 ची प्रत. थंड झालेला गड्डा इतका ठिसूळ असतो की यंत्रात घालून त्याचे दाणे पाडता येतात. सळईत मिसळून इमारतीला बळ देणारा हा पदार्थ स्वतः घावाखाली फुटतो. ऑक्साइडची धूळ मात्र घातक आहे. ती छातीत जात राहिली की खोकला आणि धाप लागते, कामगाराची जीभ हिरवट पडते. सळईच्या किमतीत ही जीभ कुठे धरलेली नसते.

आता हिशोब पाहा. 20 टनांच्या हीटमध्ये, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या पोलादात, 0.05 टक्के व्हॅनेडियम हवं असेल तर लागतं 10 किलो, म्हणजे 80 च्या प्रतीचे साडेबारा किलो दाणे. थोडं जळून जातं, ते धरूनही एका बादलीचंच काम. पण बादली ओतायची वेळ चुकली की पैसे मळीत गेले. आधी सिलिकॉन, मँगनीज, ॲल्युमिनियम घालून पोलादातला ऑक्सिजन मारायचा, मग लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेलं पोलाद घेणाऱ्या भांड्यात, पडणाऱ्या धारेत दाणे सोडायचे. फार बारीक असले तर ते मळीवरच अडकून जळतात, फार मोठे असले तर वेळेत विरत नाहीत. विरणं हाच इथे नेमका शब्द आहे, कारण लॅडलमधल्या सुमारे 1600 अंशांना ही प्रत वितळत नाही, पाण्यात खडीसाखर विरावी तशी पोलादात विरते.

खरं काम त्यानंतर, पोलाद थंड होताना होतं. विरलेलं व्हॅनेडियम कार्बन आणि नायट्रोजनशी जोडी जमवून काही नॅनोमीटरच्या कणांच्या रूपात बाहेर पडतं. लोखंड वाकतं तेव्हा अणूंचा अख्खा थर एकदम सरकत नाही. सतरंजीवरची सुरकुती ढकलत न्यावी तसा एक दोष त्याच्यातून पुढे सरकतो. हे कण त्या सुरकुतीला जागोजाग अडवतात.

आपल्या ओळखीची टीएमटी सळई वेगळ्या वाटेने बळ मिळवते. तापलेल्या सळईवर पाण्याचा मारा करतात, बाहेरचं कडं कठीण होतं आणि गाभा मऊ राहतो. टोक कापून, घासून त्यावर सौम्य नायट्रिक आम्ल लावलं की ते गडद कडं डोळ्यांना दिसतं. पद्धत स्वस्त आहे, चांगलीही आहे. पण आटे पाडताना कडं तासलं गेलं की ताकदही तासली जाते. व्हॅनेडियमची ताकद सळईच्या अख्ख्या छेदात असते. चीनने नोव्हेंबर 2018 पासून सळईचं मानक कडक केलं, नुसत्या पाण्याने कडक केलेल्या सळयांना वाव ठेवला नाही, आणि फेरोव्हॅनेडियम किलोला 100 डॉलरच्या वर गेलं. लगेच कारखान्यांनी नायोबियम या दुसऱ्या धातूकडे मोर्चा वळवला, भावही उतरले.

जगाचा बहुतेक पुरवठा चीन, रशिया, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझीलमधून होतो. आपल्याकडे बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना उरणाऱ्या गाळातून थोडं मिळतं आणि अरुणाचलात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला त्याच्या खुणा सापडल्या आहेत. सळईसाठी पोलाद बनवणाऱ्या जालन्याच्या इंडक्शन भट्ट्या भंगारावर चालतात, आणि भंगारासोबत काय काय आत येतं ते भट्टीवाल्यालाच ठाऊक. अशा वेळी भरवसा मानकाचा. आपल्या सळईच्या मानकात, आयएस 1786 मध्ये, ‘500’ प्रतीला तुटण्याआधी किमान 12 टक्के लांबावं लागतं, ‘500 डी’ला 16. भूकंपात इमारत हलताना सळई तुटण्याआधी किती लांबते, ते या चार टक्क्यांत आहे. व्हॅनेडियम घालायला हे मानक मोकळीक देतं, सक्ती करत नाही. कोयनेच्या भूकंप-पट्ट्यातल्या शाळांसाठी आणि दवाखान्यांसाठी तरी ती सक्ती व्हावी, असं मला मनापासून वाटतं.